भेव वाटून राहिलं का?

मेश्राम मॅडमइतकी भित्री बाई मी आयुष्यात पाहिली नाही. कुत्र्याला त्या भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, पालीला तर इतक्या की भिंतीवर पाल दिसली तर त्या खोलीत चहासुद्धा प्यायच्या नाहीत. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायच्या, दहा पावलं जाऊन परत यायच्या आणि चौथ्यांदा ओढायच्या. पांढुर्ण्याहून सौसरला जाताना दवाखान्याच्या गाडीत त्या पुढच्या सीटवर कधी बसल्या नाहीत. मागे, ड्रायव्हरच्या बरोबर पाठीशी, मांडीवर डब्याची पिशवी कवटाळून बसायच्या आणि समोरून ट्रक आला की डोळे गच्च मिटून घ्यायच्या. पुष्पा सिस्टर त्यांच्या बाजूला बसून हसायची. "मॅडम, ट्रक गेला. उघडा डोळे." मॅडम एक डोळा उघडून आधी खात्री करून घ्यायच्या.

अशी ही बाई तीस वर्षं भूल देत होती, आणि मला सुई धरायला तिनंच शिकवलं.

मी मूळची नाशिकची. नागपूरला भूलशास्त्राचं शिक्षण घेत होते आणि दुसऱ्या वर्षी तीन महिन्यांसाठी माझी रवानगी पांढुर्ण्याला झाली. एका ट्रस्टचा दवाखाना होता, त्याचीच एक धाकटी शाखा सौसरला. नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. तिथं मॅडम रेसिडेंट डॉक्टरांना ब्लॉक शिकवायच्या. ब्लॉक म्हणजे माणसाला पूर्ण झोपवायचं नाही, ज्या हातापायाचं ऑपरेशन आहे तेवढाच बधिर करायचा. मानेच्या खाली, हसळीच्या, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या, वरच्या खड्ड्यात हाताच्या सगळ्या नसा एकत्र येतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई त्या नसांच्या कडेपर्यंत न्यायची आणि औषध सोडायचं. हात झोपतो, माणूस जागा राहतो. पण त्या नसांना अगदी खेटून रक्तवाहिनी असते. औषध चुकून तिच्यात गेलं तर ते मेंदूत आणि हृदयात पोचतं, आणि मग समोरचा माणूस आकडी येऊन तुमच्या डोळ्यांदेखत जायला लागतो.

हे मी पुस्तकात वाचलेलं सांगत नाही. पांढुर्ण्याला येण्याआधी चार महिने मी ते पाहिलं होतं. साठीची एक बाई होती. घाबरली होती म्हणून मीच तिला गुंगीचं औषध दिलं आणि ती गाढ झोपली. मग मी ब्लॉक दिला. काहीतरी बिघडतंय हे सांगायला ती जागीच नव्हती. थेट आकडी आली, मग हृदय थांबलं. सगळे धावून आले, बाई वाचली, आठवड्याभरानं चालत घरी गेली. मला कोणी फारसं बोललंही नाही. पण त्या दिवसापासून हातात सुई घेतली की माझी बोटं लाकडाची व्हायची. मी एक अर्ज लिहून ठेवला होता, "मला हा अभ्यासक्रम सोडण्याची परवानगी मिळावी" असा, सुवाच्य अक्षरात. फक्त तारीख टाकायची बाकी होती. तो अर्ज चार घड्या घालून एप्रनच्या खिशात घेऊन मी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरले.

पहिल्या सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये गेले तेव्हा मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा आवळून बांधलेला बुचडा. उजवा हात एप्रनच्या खिशात आणि डाव्या हातात दुधासारखी पांढरी बाटली. ती त्या उजेडात धरून निरखून बघत होत्या.

"नमस्कार मॅडम, मी डॉक्टर मृणाल."

"थांब जरा. तेल वेगळं झालं का, पाहून राहिली."

बघून झाल्यावर त्यांनी त्याच एका हातानं ती बाटली डब्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. गाडीत मांडीवर असायची ती हीच पिशवी. बाटलीत औषधी तेलाचं पाणी असतं. ब्लॉकचं औषध रक्तात गेलं तर ही बाटली शिरेतून सोडायची, ते तेल औषधाला धरून ठेवतं. पांढुर्ण्याच्या उन्हात कपाट तापतं म्हणून कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता. अशा दोन बाटल्या त्या रोज घरून आणायच्या आणि रोज घरी न्यायच्या.

"ही दुधाची बाटली," त्या म्हणाल्या. "रोज पाहाची. आधी ही, मंग पेशंट. आता सांग, तुले भेव वाटून राहिलं का?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "हो मॅडम. खूप वाटतं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वाटते ना? मंग जमते. न वाटणारे मी दोन वापस पाठवले."

मला वाटलं, थट्टा करतायत. नंतर पुष्पा सिस्टरनं सांगितलं की खरंच पाठवले होते.

पहिला आठवडा मला माणूस मिळालाच नाही, संत्री मिळाली. आमच्याकडे नागपूरला सुईचा सराव करायला रबरी मानेचा पुतळा होता. मॅडमकडे संत्र्यांची टोपली होती. इथल्या संत्र्याचं साल सुटं असतं, साल आणि फोडी यांच्यामध्ये पोकळी असते. त्या पोकळीत हळदीचं पाणी सोडायचं आणि एकाही फोडीला टोचायचं नाही, असा त्यांचा धडा. सुई सालातून आत गेल्याचं बोटाला कळलं पाहिजे आणि तिथंच थांबता आलं पाहिजे. पाणी सोडून झालं की मॅडम म्हणायच्या, "सोल." सोलून फोडीतून रस आला की ते संत्रं आपणच खायचं, हळदीसकट. त्या आठवड्यात मी एकोणीस पिवळी संत्री खाल्ली. त्यानंतर आजतागायत मी संत्र्याला हात लावलेला नाही.

"सुई पुढं सरकवाले काय लागते वं," त्या म्हणायच्या. "थांबता आलं पाहिजे."

त्या स्वतः मात्र कधी सुई हातात घ्यायच्या नाहीत. संत्र्यातसुद्धा नाही. पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसायच्या, डावा हात त्याच्या कपाळावर आणि उजवा खिशात. नोंदीही त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. मला वाटायचं, जुन्या लोकांचा रुबाब असेल. दवाखान्यात सगळे चिडवायचे की मॅडमच्या उजव्या खिशात संत्रागोळ्या आहेत, कोणाला देत नाहीत. त्या हसायच्या, पण हात काही बाहेर काढायच्या नाहीत.

त्यांचा दुसरा नियम असा की ब्लॉक चालू असताना पेशंट बोलत राहिला पाहिजे. गुंगीचं औषध अजिबात नाही. औषध थोडं थोडं, पाच-पाच मिली द्यायचं, दर पाचाला थांबून दट्ट्या मागं ओढायचा, रक्त येतं का बघायचं, आणि या सगळ्या वेळात पेशंटचं तोंड चालू. औषध रक्तात जायला लागलं की आधी जीभ सांगते. तोंडात लोखंडाची चव येते, ओठ मुंगावतात, कानात घुंई वाजतं, बोलणं अडखळतं. मी नागपूरला त्या बाईला झोपवून नेमकी हीच खूण बंद करून टाकली होती. मॅडमनी पहिल्यांदा हे समजावून सांगितलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडून आले.

पेशंटला बोलतं करणं ही त्यांची खरी कारागिरी. मोहगावची एक आजी मनगट मोडून आली होती. तिला नुसतं "सून कशी आहे?" एवढं विचारलं. ब्लॉक संपला, ऑपरेशन संपलं, आजीला वॉर्डात नेलं, तरी सून काही संपेना. पण तिगावचे एक काका आले, ते म्हणजे दगड. संत्र्याच्या झाडावरून पडून कोपर मोडलेला. काही विचारलं की "हाव" किंवा "नाई", तिसरा शब्द नाही. गावाचं विचारलं, पोरांचं विचारलं, पोळ्यानंतर दोन गावांत दगडफेकीचा खेळ होतो त्या गोटमारीत कोणत्या बाजूनं असता तेही विचारलं. काका छताकडे बघत गप्प. माझी सुई आत होती आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

मॅडम सहज म्हणाल्या, "काका, मृगाचा संत्रा तुम्ही दिवाळीले तोडता ना?"

काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "कोण म्हणते?"

"असंच ऐकलं बाप्पा."

"काय बाई तुम्ही! मृगाचा कुठं दिवाळीले निघते? दिवाळीचा तो अंबिया. मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. इथं राहून तुम्हाले एवढं बी नाई मालूम?" मग काका सुटले. मृग की अंबिया, कोणत्या बहाराला कधी पाणी तोडून ताण द्यायचा, ते पुन्हा कधी सोडायचं, कोणतं झाड कसं फसवतं. मॅडम मधूनमधून आणखी काहीतरी चुकीचं बोलायच्या, की काका पुन्हा पेटायचे. मी पाच-पाच मिली करत औषध संपवलं. बोरगावात जन्मलेल्या, संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या आईच्या पदराला धरून वाढलेल्या बाईला मृगाचा बहार कधी निघतो हे माहीत नव्हतं, असं त्या काकांना शेवटपर्यंत वाटलं असेल.

दीड महिन्यात मी तीस-एक ब्लॉक दिले. बोटं मऊ झाली. पडद्यावर नसा दिसायला लागल्या, मॅडम म्हणायच्या तशा, सीताफळ मधोमध कापल्यासारख्या. अर्ज खिशातच होता, पण त्याची आठवण यायची नाही. अशाच एका सकाळी सौसरला हातमोजे चढवताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला, "भेव वाटून राहिलं का?" आणि मी हसत, जरा तोऱ्यातच म्हणाले, "नाही मॅडम. आज नाही."

त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. "मोजे काढ."

"मॅडम?"

"काढ म्हणते ना. आज तुह्या हातून नाई होत."

त्या पेशंटला दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलावून भूल दिली, ते यायला दीड तास लागला. हाडांचे डॉक्टर वानखेडे वैतागले. मी कोपऱ्यात अपमानानं लाल होऊन उभी होते. परतताना गाडीत मी तोंड फुगवून बसले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रागावली का वं? रागाव. पण ज्या दिवशी भेव नाई वाटत, त्या दिवशी माणूस पाहाचं ते पाहात नाई." तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि त्यांनी डोळे मिटले. मला त्या वेळी त्यांचा खरंच संताप आला होता. स्वतः घाबरट, म्हणून सगळ्यांना घाबरट करून ठेवते ही बाई, असं मी मनात म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरानं दिलीप आला. पांढुर्ण्याजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला, वय तिशीच्या आत. कापसाच्या मशीनमध्ये दोन बोटं चिरडली होती. बायको बाहेर बाकावर, तिच्या अंगावर कापसाचे तंतू तसेच. त्या दिवशी प्रश्नाला मी "हो" म्हणाले होते, पण खरं सांगते, सवयीनं म्हणाले होते. आत फारसं काही वाटत नव्हतं.

दिलीप छान बोलत होता. मशीन कशी अडकली, कोणी बटण दाबलं, पोरगी पहिलीत कशी आहे. पहिले पाच मिली गेले, दुसरे पाच गेले. तिसऱ्या वेळी पडद्यावरून सुईचं टोक क्षणभर हरवलं. नियम साधा होता: टोक दिसत नाही तर थांबायचं आणि तोंडानं सांगायचं. पण वानखेडे सर दारात हात धुऊन उभे होते. टोक असेल तिथंच, असं म्हणून मी दट्ट्या दाबला. फक्त दोन मिली.

"बाई," दिलीप म्हणाला, "तोंडात लोखंड चाटल्यावानी लागून राहिलं."

मी थांबले. सुई बाहेर काढली. "दिलीप, बोलत राहा. पोरीचं नाव काय?"

"पोरीचं... पो..." त्याची जीभ जड झाली, डोळे वर गेले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. टेबल खडखडायला लागलं. माझ्या कानात त्या नागपूरच्या बाईच्या वेळचा आवाज भरला. मी जागची हलले नाही. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

"ऑक्सिजन," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजीचा भाव विचारावा तसा. त्यांनी डाव्या हातानं दिलीपची हनुवटी उचलून धरली. "पुष्पा, बाटली लाव. आकडीचं इंजेक्शन दे इकडं."

सिस्टरनं काचेची कुपी पुढं केली. वानखेडे सर दिलीप खाली पडू नये म्हणून त्याला धरून होते, मॅडमचा डावा हात अडकलेला होता. त्यांनी उजवा हात खिशातून काढला, आणि मी तो हात पहिल्यांदा पाहिला. तो थरथरत नव्हता, हेलकावत होता. मनगटापासून बोटांपर्यंत, थांबतच नव्हता. कुपी त्यांच्या बोटांना लागली, निसटली आणि फरशीवर फुटली. अर्धा क्षण मॅडम आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग तो पुन्हा खिशात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"मृणाल. माह्यानं होत नाई. तू."

मला त्या क्षणी समजलं की या खोलीत भूल देणारे हात फक्त माझे आहेत. पहिल्या दिवसापासून तेवढेच होते. मी दुसरी कुपी फोडली. इंजेक्शन दिलं. बाटलीतलं पांढरं औषध मोठ्या सिरिंजनं ओढून शिरेत सोडायला लागले. मॅडम सांगत होत्या, मी करत होते. "वेळा लिही," त्या म्हणाल्या. नोंदीचा कागद खाली पडून फुटलेल्या कुपीच्या औषधात भिजून फाटला होता. माझ्या खिशात एकच कागद होता. मी तो काढला, उलटा केला, आणि अर्जाच्या कोऱ्या पाठीवर वेळा लिहिल्या: आकडी सुरू, इंजेक्शन, पहिली सिरिंज, दुसरी. झटके थांबले. हृदयाचे ठोके पडद्यावर वेडेवाकडे पळत होते, ते हळूहळू ओळीत आले. बाटली अर्ध्याच्या खाली गेली तेव्हा दिलीपनं डोळे उघडले.

"मशीन बंद केली का?" त्यानं विचारलं.

"केली गा," मॅडम म्हणाल्या. "केव्हाचीच."

ऑपरेशन पुढं ढकललं. मॅडम मला घेऊन बाहेर बाकापाशी गेल्या. मला वाटलं, बायकोशी त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "सांग. जे झालं ते. तू सांगाचं." मी सांगितलं. सुईचं टोक दिसत नव्हतं, मी थांबायला हवं होतं, थांबले नाही, औषध रक्तात गेलं, आता तो शुद्धीवर आहे, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. तिनं एकच विचारलं.

"जित्ता आहे न?"

"आहे."

"मंग मले भेटू द्या." ती उठली, दाराशी जाऊन वळली आणि म्हणाली, "बाई, पण पुढच्या टायमाले थांबजा." कोणी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

थिएटरमध्ये परत आल्यावर मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. फक्त हात नाही, सगळी बाईच. पुष्पा सिस्टरनं पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. हाताला चार वर्षं झाली होती. मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण फरक नव्हता. पहिल्यांदा हात हलला त्याच दिवशी त्यांनी ट्रस्टला लिहून दिलं होतं की यापुढं मी सुई धरणार नाही, फक्त शिकवीन. ट्रस्टवाल्यांना माहीत होतं, वानखेडे सरांना माहीत होतं. आम्हा रेसिडेंटना सांगायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं.

"सांगाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "हे माही गलती. तुम्हाले वाटाचं, मॅडम आहे ना बाजूले, काही झालं तर करील. आणि मले रोज भेव, की काही झालं तर मी काय करील? मले हात नाई राहिले, म्हणून तुमचे हात भेकड करून राहिली."

त्यांना घाबरट म्हणून मनातल्या मनात हिणवणारी मी, मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून आलेल्या प्रत्येक रेसिडेंटला त्यांनी पहिल्या सकाळी तो हात खिशातून काढून दाखवला, असं मला सिस्टरनं नंतर सांगितलं.

माझा अर्ज दिलीपच्या फायलीला टाचला गेला. टाचण्याआधी मॅडमनी दोन्ही बाजू वाचल्या. "इकडचं अक्षर सुंदर आहे," त्या अर्जाकडे बघून म्हणाल्या, आणि कागद उलटा केला. "हे घाईतलं. पण कामाचं आहे." दुसऱ्या दिवशी दिलीपच्या बोटांचं ऑपरेशन झालं, एक बोट वाचलं. मी नागपूरला परत गेले आणि नवीन अर्ज लिहिला नाही.

दोन वर्षांनी पुष्पा सिस्टरचा फोन आला. मी तोवर शिकून मोकळी झाले होते. मॅडम सौसरला पडल्या होत्या. रस्त्यात एक कुत्रं झोपलं होतं. झोपलेलंच, पण त्याच्यापासून लांब जायचं म्हणून त्या नालीच्या कडेनं गेल्या आणि पाय घसरला. डावं मनगट मोडलं, धड होता तो तोच हात. घरचे नागपूरला न्यायला निघाले होते. त्या ऐकत नव्हत्या. सिस्टर म्हणाली, "म्हणतात, मृणालले बोलवा. नाई तर तसंच राहू द्या."

मी पोचले तेव्हा त्या सौसरच्या त्याच टेबलावर निजलेल्या होत्या. एप्रन नव्हता, त्यामुळे लपवायला खिसा नव्हता. उजवा हात चादरीवर उघडा पडून हेलकावत होता.

"भेव वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम." या वेळी सवयीनं नाही.

"मंग कर."

मी सोनोग्राफीचा प्रोब मानेखाली ठेवला. सीताफळ दिसलं, बाजूला उडणारी रक्तवाहिनी दिसली. सुई आत गेली. मॅडम बोलत होत्या. कुत्र्याला शिव्या देत होत्या, नालीवर झाकण न टाकणाऱ्यांना देत होत्या. पहिले पाच मिली गेले. दुसरे पाच गेले. आणि त्या गप्प झाल्या.

मी थांबले. "मॅडम, बोला."

काही नाही. डोळे मिटलेले. सुईचं टोक पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, दट्ट्या मागं ओढला तर रक्त नव्हतं, ठोके ठीक होते, तरी माझ्याच तोंडात लोखंडाची चव आली. पुष्पा सिस्टरनं न सांगता पांढरी बाटली हातात घेतली होती.

"मॅडम! तोंडात काही लागतंय? कानात वाजतंय?"

त्यांनी मान हलवली. नाही. खूप वेळानं, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "काही नाई लागत. भेव वाटून राहिलं वं. खूपच. बोलाले शब्दच नाई येऊन राहिला."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्याशी बसून त्यांना बोलतं ठेवणारी बाई, तिच्या डोक्याशी स्टुलावर कोणी नव्हतं. दोन्ही हात गुंतलेले, डोळेसुद्धा पुसता येईनात. मी सुई तशीच धरून म्हणाले, "मॅडम, मृगाचा संत्रा दिवाळीला तोडतात ना?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. डोळे उघडले.

"काय बोलून राहिली वं तू? तीन महिने पांढुर्ण्यात राहिली ना? मृगाचा फेब्रुवारी-मार्चात! दिवाळीचा अंबिया. कितीदा ऐकलं त्या काकाच्या तोंडून..." डोळ्यांतून पाणी कानशिलांवर वाहत होतं, तोंडानं बहार चालू होते, आणि उजव्या हातानं त्यांनी माझ्या गाऊनचा खालचा काठ पकडला होता. त्या हाताबरोबर माझा गाऊन हलत होता. मी पाच दिले, थांबले, मागं ओढलं, पुन्हा पाच दिले. त्या अंबियाला ताण कधी द्यायचा इथपर्यंत आल्या तेव्हा हात झोपला.

त्यानंतर मॅडम मला दिसल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेत गेल्या, बोरगावला, घरी. मी पोचू शकले नाही. माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दिसणं आहे ते त्याच दुपारचं. ऑपरेशन झालं होतं. मी निघायच्या आधी वॉर्डात गेले. खिडकीजवळच्या खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. झोपलेला डावा हात झोळीत, उजवा मांडीवर. बाजूला डब्याची पिशवी.

"मृणाल, आज सकाळपासून बाटली पाहिली नाई," त्या म्हणाल्या. "दाखव."

मी पिशवीतून बाटली काढली, ओलं फडकं सोडलं, आणि त्यांच्यासमोर खिडकीच्या उजेडात धरली. त्या मान पुढं करून निरखत राहिल्या. माझा हात थोडा हलला.

"भेव वाटून राहिलं का?"

"हो मॅडम."

"मले बी," त्या म्हणाल्या. "नीट धर."